टॉन्सिलचा सीझन

“सुट्टीतच उरकून टाकू या गं. एकदा जून लागला की शाळा बुडते.”

बदलापुरात, कात्रपच्या आमच्या नेहमीच्या मेडिकल स्टोअरमध्ये माझ्या पुढे उभी असलेली बाई मैत्रिणीला सांगत होती. तिच्या बोटाला धरून सात-आठ वर्षांचा मुलगा उभा होता, तोंड उघडं ठेवून श्वास घेणारा. “अर्ध्या तासाचं तर काम आहे म्हणाले डॉक्टर. टॉन्सिल काढायचे आणि आठ दिवस नुसतं आइस्क्रीम खायचं. काय रे, मज्जा ना?”  मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी काचेमागच्या पावडरच्या डब्यांकडे पाहिलं. डोकेदुखीची गोळी घेऊन मी बाहेर पडले, आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की दात आवळून धरल्यामुळे माझा जबडा दुखतोय.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. शाळांचे निकाल लागलेले. इतरांना मे महिन्याची चाहूल हातगाडीवरच्या कैऱ्यांनी लागते, उन्हात वाळत घातलेल्या पापडांनी लागते. मला ती उघड्या तोंडांनी लागते. रिक्षात, जिन्यात, लग्नाच्या पंगतीत एखादं मूल तोंडानं श्वास घेताना दिसलं की मी नकळत त्याच्या गळ्याकडे बघू लागते. आणि मग मला राग येतो. कुणाचा, ते दरवेळी वेगळं असतं.

“उरकून टाकू.” हा शब्द मला सहन होत नाही. कपाट आवरणं उरकतात, दळण उरकतात. पण आमच्याकडे मुलांचे गळेही मे महिन्यात उरकतात, कारण हजेरी महत्त्वाची. मी चार वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या एका नर्सिंग होममध्ये कामाला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा शब्द ऐकला. “सीझन आलाय, पोरी. उरकायला शीक,” असं मला कुंदा सिस्टर म्हणाल्या होत्या.

नर्सिंग होम पहिल्या मजल्यावर होतं. खाली जीन्स शिवणाऱ्यांचे गाळे. दिवसभर त्यांची मशिनं चालायची आणि आमच्या लाद्या पायाखाली बारीक थरथरायच्या. खिडकी उघडली की निळ्या रंगाचा, उग्र, ओल्या कापडाचा वास यायचा. खिडकी लावली की हॅलोथेनचा. हॅलोथेन म्हणजे भुलेचं औषध, वाफ होऊन श्वासातून जाणारं, गोडसर वासाचं. तो वास केसांत बसायचा. अंबरनाथला बुवापाड्यात घरी पोचले की आई म्हणायची, “आधी डोकं धू, मग चहा.” पप्पा अंबरनाथ एमआयडीसीतून यायचे, त्यांच्या शर्टाला केमिकलचा वास. दोघांचे कपडे आई वेगळ्या बादलीत भिजवायची. घरातल्या कमावत्या माणसांची खूण तेवढीच.

पप्पांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्यांचा त्यामागे एकच विचार होता आणि तो ते वस्तीतल्या प्रत्येकाला सांगायचे: “इंग्रजी आली की पोरगी कुणाच्या बापाला घाबरणार नाही.” मी इंग्रजीतसुद्धा सगळ्यांनाच घाबरले. शाळेनं मला जी इंग्रजी दिली ती फक्त परवानगी मागायची होती. आत येऊ का, बाहेर जाऊ का, पाणी पिऊ का. नाही म्हणायचं वाक्य त्यात कुणी शिकवलं नाही. बारावीला सायन्स घेतलं, मेडिकलला मार्क कमी पडले, साडेतीन वर्षं नर्सिंग केलं आणि बाविसाव्या वर्षी पांढरे बूट घालून त्या जिन्यावर उभी राहिले.

पहिल्या दिवशी कुंदा सिस्टरनी माझं नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मग गाव विचारलं, आणि आडनाव पुन्हा विचारलं. मग “असं होय” म्हणाल्या. त्यानंतर त्यांचा डबा आणि माझा डबा एका टेबलावर कधी उघडला गेला नाही. याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ज्यांना कळतं त्यांना कळतं.

त्यांनी मला नाव ठेवलं ‘कॉन्व्हेंट’. “ए कॉन्व्हेंट, सक्शनची बाटली धुतली का? का ती पण प्लीज म्हणून धुवायची?” मी बाटली उचलायचे. “बघा, तोंडात मिठाची गुळणी. पेशंट गेला तरी ही हात वर करून परवानगी मागेल.” वॉर्डातल्या मावशी हसायच्या. मी ट्रेमधल्या सिरिंजा सरळ रेषेत लावायचे.

मला ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलं ते कौशल्यासाठी नाही, अक्षरासाठी. नर्सिंग होमचे मालक आणि सर्जन, ज्यांना सगळे मोठे सर म्हणायचे, त्यांनी माझा अर्ज पाहिला आणि म्हणाले, “हँडरायटिंग छान आहे. हिला भुलेच्या बाजूला उभी करा. फॉर्म नीट भरले जातील.” अशी मी भूलवाली सिस्टर झाले. कागदावर अशी पोस्ट नव्हती. अजूनही नसते बहुतेक ठिकाणी. पगारपत्रकावर स्टाफ नर्स, आणि थिएटरमध्ये पेशंटच्या डोक्याकडची जागा. सर्जन जिथं कापतो तिथं सगळ्यांचे डोळे असतात. डोक्याकडे फक्त दोन माणसं असतात, भूल देणारा डॉक्टर आणि त्याला हवं ते न मागता हातात देणारी ती.

हे काम मला आवडलं, आणि आवडलं म्हणूनच त्या जागेचा जास्त राग आला. सकाळी सगळ्यांच्या आधी जायचं. भुलेचं मशिन तपासायचं: ऑक्सिजनच्या काळ्या नळकांड्याची चावी फिरवून काटा बघायचा, ‘भरलेला आहे’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवायचा नाही. नळ्यांना कुठं भोक आहे का ते फुगा दाबून, कानाशी धरून ऐकायचं. घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा इवला दिवा तीनदा लावून बघायचा, कारण तो नेमका चौथ्यांदा दगा देतो. औषधं भरून प्रत्येक सिरिंजवर चिकटपट्टी लावून नाव लिहायचं. पेशंट टेबलावर आला की त्याचा हात धरायचा. प्रेमानं नाही, शीर शोधायला. पण त्याला प्रेम वाटलं तरी चालतं. मूल असलं तर मास्क लावताना त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि आकडे मोजायला लावायचे. बहुतेक पोरं इंग्रजीत मोजायची. सातच्या पुढं फार थोडी जायची.

आणि सगळ्यात मोठं काम, ज्याला काम असं कुणी म्हणत नाही: नुसतं बघायचं. ओठांचा रंग, नखांचा रंग, छातीचं वर-खाली होणं. शाळेत मागच्या बाकावर बसून मी दहा वर्षं हेच केलं होतं. न बोलता बघणं ही माझ्याकडची एकमेव विद्या होती, आणि जगात तिचा उपयोग होणारी एक जागा निघाली याचं मला नवल वाटलं होतं.

भूल देणारे सर आमचे नव्हते. ते कुणाचेच नव्हते. बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत पाच-सहा नर्सिंग होम्सना ते पुरायचे. जुनी मारुती, मागच्या सीटवर निळी सुटकेस, पायात कायम चपला. एका जागी भूल द्यायची, पोर जागं होतंय असं दिसलं की सुटकेस बंद, पुढच्या जागी. मोठे सर त्यांना घड्याळ दाखवायचे आणि ते मोठ्या सरांना पाठ दाखवायचे. एकदा दोन केसेसच्या मधे जिन्यात उभं राहून समोसा खाता खाता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. “टॉन्सिलचं पोर बाहेर आलं की कुशीवर ठेव, डोकं खाली. हात त्याच्या तोंडासमोर धर, तळहातावर श्वास लागला पाहिजे. आणि गळा बघ. झोपेत सारखं गिळायला लागलं तर समज, आत रक्त येतंय आणि ते पितंय. बाहेर एक थेंब दिसणार नाही. उशी पांढरीशुभ्र राहील आणि पोर जाईल.” मग त्यांनी हात रुमालाला पुसले. “कळलं?” मी मान हलवली. चार वर्षांत मला कुणी इतकं सरळ काही शिकवलेलं नाही. ते शिकवून ते अंबरनाथला निघून गेले, हेही मी विसरलेले नाही.

त्या मे महिन्यात लोडशेडिंग होतं. वर्तमानपत्रात छापून यायचं, कुठल्या भागात किती ते किती. आमची लाइट दुपारी एकला जायची ती साडेचारला यायची. जनरेटर होता, पण तो थिएटरपुरता. रिकव्हरीतला पंखासुद्धा त्यावर नव्हता. म्हणून मोठ्या सरांचा नियम: एकच्या आत सगळी पोरं टेबलावरून उतरली पाहिजेत. सकाळी साडेनऊ ते एक, कधी सहा, कधी आठ. आठ पोरांचे सोळा टॉन्सिल स्टीलच्या वाटीत. पालक मागायचे बघायला. मोठे सर वाटी घेऊन बाहेर जायचे आणि पालक फोटो काढायचे, नव्या मोबाइलवर.

आणि या घाईतून ती पद्धत आली होती, ज्याबद्दल मला खरं तर लिहायचं आहे. भुलेचा फॉर्म. त्यात दर दहा मिनिटांनी नाडी, बीपी, ऑक्सिजन लिहायचा असतो, आणि शेवटी पेशंट पूर्ण जागा झाला, सांगितलेलं ऐकतो, वॉर्डात पाठवला, असं एक वाक्य. केस चालू असताना लिहायला वेळ कुठं? म्हणून सकाळी नऊला, पोरं यायच्या आधी, मी टेबलाशी बसून सगळे फॉर्म भरून टाकायचे. शेवटच्या वाक्यासकट. फक्त नाव आणि वय समोरच्या यादीवरून. अजून न झालेल्या ऑपरेशनमधल्या नाडीचे ठोके मी माझ्या वळणदार, शाळेनं घासूनपुसून दिलेल्या अक्षरात लिहायचे.

“सगळ्यांना शंभर शंभर नको लिहू,” कुंदा सिस्टर शिकवायच्या. “खोटं दिसतं. एखाद्याला अठ्ठ्याण्णव, एखाद्याला एकशे चार. मधे एकदा वाढव, मग उतरव. पेन पण बदल.” मी अठ्ठ्याण्णव लिहायचे, एकशे चार लिहायचे. वाढवायचे, उतरवायचे. पेन बदलायचे. मला त्यात काही वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतं, पण जे वाटतं ते कुठल्या वाक्यात बसवायचं हे कळत नव्हतं. आणि मोठे सर फॉर्म बघून म्हणायचे, “व्वा.” त्या इमारतीत माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच, ते मी परत करू शकले नाही.

खालच्या कोल्ड्रिंकवाल्या सिंधी काकांकडून मी रोज बर्फ आणायचे. “आ जा डॉक्टरनी, कितना दूँ?” त्या रस्त्यावर मला डॉक्टर म्हणणारा तो एकटाच माणूस, आणि तोही चेष्टेनं. बर्फ लागायचा कारण भुलेचं एक औषध थंडच ठेवावं लागतं आणि लाइट गेली की फ्रिजचा भरवसा नसतो. तो फ्रिज औषधांचा होता, पण टॉन्सिलच्या सीझनमध्ये त्याच्या वरच्या कप्प्यात आइस्क्रीमचे फॅमिली पॅक असायचे. नातेवाईक आणायचे आणि म्हणायचे, “सिस्टर, एवढं ठेवा ना, पोराला उठल्या उठल्या द्यायचंय.” कुंदा सिस्टर ठेवून घ्यायच्या. औषधाच्या बाटल्या मागे सरकवून पुढे व्हॅनिला. त्यातलं उरलेलं वाट्यांमध्ये वाटलं जायचं. माझ्या वाटीपर्यंत यायचं तोवर दूध झालेलं असायचं.

त्या दिवशी यादीत आठ होते. आठवी मुलगी सात वर्षांची, नाव तन्वी. अंबरनाथहून रिक्षानं येताना उशीर झाला म्हणून शेवटी गेली. टेबलावर तिनं माझा अंगठा धरला आणि विचारलं, “तुम्ही पण इंग्लिश मीडियम?” मी विचारलं, कशावरून. “तुम्ही वन म्हणायला सांगितलं. ती दुसरी सिस्टर ‘एक’ म्हणते.” मग तिनं मोजलं. नऊपर्यंत गेली. मला आठवतं, कारण नऊपर्यंत त्या महिन्यात कुणीच गेलं नव्हतं.

पाऊण वाजता तिचं ऑपरेशन संपलं. भूल देणाऱ्या सरांनी घशातली नळी काढली, ती खोकली, रडली, हात झटकला. “चांगली आहे,” ते म्हणाले. सुटकेस बंद झाली. त्यांना बदलापूरला सिझेरियन होतं. मी तिला कुशीवर घेतलं, डोकं खाली, उचलून पॅसेजच्या टोकाच्या खाटेवर ठेवलं. त्या टोकाला आम्ही रिकव्हरी म्हणायचो. दोन खाटा, एक खिडकी. ऑक्सिजन मोजायचं यंत्र एकच, ते थिएटरमध्ये. इथं फक्त माझा तळहात.

एक वाजता पायाखालची थरथर थांबली. खालची सगळी मशिनं एकदम बंद पडली, पंखा दोन-तीन फेरे घेऊन थांबला, आणि पॅसेजमध्ये माणसांचे आवाज अचानक मोठे झाले. लाइट गेली की तिथं नेहमी असंच व्हायचं. तन्वीचा श्वास माझ्या हातावर लागत होता, गरम, नियमित. झोपली होती. मी तिच्या गळ्याकडे बघत बसले.

एकदा गिळलं. ठीक आहे, थुंकी असते. मग पुन्हा. मग पुन्हा. मी मनात मोजू लागले. दोन गिळण्यांच्या मधे माझे चार आकडे होत होते, मग तीन. तिची नाडी धरली. एकशे चाळीस. मी नखं बघितली. पॅसेजमध्ये उजेड कमी होता, नखांचा रंग सांगता येईना. उशी पांढरीशुभ्र होती.

“काय गं, अजून बसलीयेस?” कुंदा सिस्टर डबा घेऊन निघाल्या होत्या. “वॉर्डात दे तिला. खाट मोकळी कर, दोनला संध्याकाळच्या हर्नियाचा म्हातारा आणून ठेवायचाय.”

मी म्हणाले, “सिस्टर, जरा...” आणि थांबले. मला खरंच एवढंच म्हणता आलं.

“जरा काय? झोपलीये ना? झोपू दे. आमच्या घरी पण अशीच झोपतात पोरं.”

तन्वीची आई पॅसेजमधून आत आली. हातात स्टीलचा डबा, त्याला बाहेरून पाणी सुटलेलं. “सिस्टर, फ्रिज बंद झाला ना, हे सगळं वितळायला लागलंय. उठवू का तिला? पहाटेपासून आइस्क्रीम आइस्क्रीम करतेय.” मग ती मुलीवर वाकली आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. “अगं बाई! बघा बघा. झोपेतच गिळतेय. स्वप्नात आइस्क्रीम खातेय माझी बाय.”

कुंदा सिस्टर हसल्या. दारातली मावशी हसली. आई तर हसतच होती. तिच्या हसण्याचा राग मला अजून धरता येत नाही, आणि सोडताही येत नाही. मी त्या तिघींच्या मधे बसले होते, दोन बोटं मुलीच्या मनगटावर, आणि माझ्या डोक्यात एक इंग्रजी वाक्य तयार होऊन उभं होतं. सुरुवातीला माफी मागणारं, शेवटी आभार मानणारं. ते मी दोनदा मनात म्हणून बघितलं. दोन्ही वेळा ते त्या पॅसेजमध्ये अगदी हास्यास्पद वाटलं. तोवर तन्वीनं तीनदा गिळलं.

तेवढ्यात मोठे सर आले. हातमोजे काढलेले, कपाळावर टोपीचा वळ. “काय अडलंय?”

“काही नाही सर,” कुंदा सिस्टर म्हणाल्या. “कॉन्व्हेंटला पेशंट सोडवत नाहीये.”

सरांनी खाटेच्या पायथ्याला लावलेला फॉर्म उचलला आणि खिडकीकडे धरून वाचला. मुलीकडे त्यांनी पाहिलं नाही. त्याची गरज नव्हती. कागदावर सगळं होतं. “नाडी शहाण्णव. ऑक्सिजन उत्तम. पूर्ण जागी, सांगितलेलं ऐकते. हे तूच लिहिलंयस ना?” त्यांनी फॉर्म माझ्यासमोर धरला. माझं अक्षर. प्रत्येक वळण नीट, प्रत्येक टिंब जागेवर. आयुष्यात पहिल्यांदा माझं म्हणणं कुणीतरी पूर्ण विश्वासानं ऐकलं होतं, आणि ते खोटं होतं.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी त्यासाठी अडून राहणार नाही. मुलीला परत आत नेलं. भूल देणाऱ्या सरांना मोबाइल लावला, ते रेल्वे फाटकाशी अडकले होते, तिथून गाडी वळवून आले. सिझेरियनला कोण गेलं मला माहीत नाही. जनरेटर ऐन वेळी घरघरून बंद पडला. पंधरा मिनिटं मी घशातलं रक्त ओढायचं, पायानं दाबायचं सक्शन मारत उभी होते, आणि काचेच्या बाटलीत जे जमत होतं ते आइस्क्रीम नव्हतं. एक रक्तवाहिनी सुटली होती, ती मोठ्या सरांनी बांधली. सुंदर बांधली. त्यांचा हात चांगला होता, हे मला मान्य करावंच लागतं. तिसऱ्या दिवशी तन्वी घरी गेली.

तिच्या आईनं माझे आभार मानले नाहीत. जाताना ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही सगळ्याच पोरांचं असं आधीच लिहून ठेवता?” मी हो म्हणाले. तिनं मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही, पण त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. मोठ्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की अशा गोष्टी नातेवाइकांसमोर बोलायच्या नसतात, बाजूला घेऊन सांगायच्या. मी बाजूला कधी घ्यायचं होतं, दोन गिळण्यांच्या मधे? हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. एकदा तोंड उघडलं म्हणून माणूस कायमचा बोलका होत नाही. महिन्याच्या शेवटी मी नोकरी सोडली. अनुभवाच्या दाखल्यात त्यांनी लिहिलं, ‘स्वभावाने शांत’. तो टोमणा आहे की कौतुक, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. तो दाखला मी दोन मुलाखतींत दाखवला आणि दोन्हीकडे त्या शब्दांवर साहेब खूश झाले.

आता मी कल्याणच्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. थिएटरच्या कामाचा एक वर्षाचा कोर्स केला, आता रिकव्हरी माझ्याकडे असते. दर खाटेला यंत्र आहे, ते टूं टूं करतं, आणि त्यामुळे पोरी गळ्याकडे बघत नाहीत. मागच्या आठवड्यात एका नव्या मुलीनं मला विचारलं, “मॅडम, सकाळीच चार्ट भरून ठेवू का? सीझन आहे ना.” हुशार आहे, अक्षरही छान आहे. मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि दिवसभर माझ्या खिशात ठेवलं. प्रत्येक नाडी लिहायला ती माझ्याकडे येत होती, पेन मागत होती, तोंड वाकडं करून. मागे वळली की काहीतरी पुटपुटायची. पुटपुटू दे. कुंदा सिस्टरनी मला ठेवलं होतं, तसंच यांनीही मला काहीतरी नाव ठेवलेलं असणार.

मेडिकलमधल्या त्या बाईला मात्र मी काही सांगितलं नाही. तिच्या मुलाचं अर्ध्या तासाचंच काम असेल, बहुतेकांचं असतं. आठ दिवस आइस्क्रीम खाईल आणि जूनमध्ये शाळेत जाईल, एकही दिवस न बुडवता. मी घरी येऊन गोळी घेतली, पंखा लावला आणि पडून राहिले. डोळे मिटले की तो पॅसेज येतो. बंद पंखा, स्टीलच्या डब्यावरून ओघळणारं पाणी, खिडकीकडे धरलेला कागद आणि त्यामागे मोठ्या सरांचा न दिसणारा चेहरा. तो गोरापान लहान गळा, वर जाणारा, खाली येणारा.

“तूच लिहिलंयस ना?” ते पुन्हा विचारतात.

त्या दुपारी मी उठून उभी राहिले. बोटं मनगटावरून काढली नाहीत, त्यामुळे वाकूनच उभी राहिले. इंग्रजी वाक्य कुठंतरी पडून गेलं होतं. जे आलं ते घरच्या भाषेत आलं, बुवापाड्यातल्या नळावर जशी आमची माणसं बोलतात तशा आवाजात, इतक्या मोठ्यानं की वॉर्डातली बडबड थांबली.

“तो फॉर्म मी सकाळी नऊला लिहिलाय. तेव्हा ही पोरगी आपला जिनासुद्धा चढली नव्हती. फाडा तो कागद आणि हिच्याकडे बघा, सर. ती आइस्क्रीम गिळत नाहीये. रक्त गिळतेय.”